बंद पडलेल्या गाडीचे निदान

घरात जुनी वस्तू असणे ही गोष्ट पूर्वी भूषणाची मानली जात असे; हल्ली ती अडचणीची मानली जाते. तांब्याचा बंब, शिसवी झोपाळा, आजोबांचे घड्याळ यांस निदान दिवाणखान्यात शोभेचे स्थान तरी मिळते. परंतु जिन्याखाली धूळ खात उभ्या असलेल्या जुन्या दुचाकीच्या कपाळी तेही भाग्य नसते. चालू असेल तोवर 'आपली गाडी' आणि बंद पडली की 'ते भंगार', असा तिचा नामांतरविधी घरोघर होत असतो. असाच प्रसंग नुकताच आमच्या घरी येऊन गेला. त्यातून आम्हांस यंत्रविद्येचे थोडे आणि मनुष्यस्वभावाचे पुष्कळ शिक्षण मिळाले. ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे. यातील काही भाग आमच्या फजितीचा आहे. परंतु तो गाळल्यास उरलेल्या भागाचा कोणास उपयोग होणार नाही, म्हणून तोही जसाच्या तसा देत आहो.

आमची गाडी म्हणजे लूना. नगरच्या मनुष्यास लूनेची ओळख करून द्यावयास नको. कारण ती या गावचीच लेक आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली ती बाजारात आणली. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' नामक गाडीच्या धर्तीवर तिची घडण बेतलेली होती. अवघे ५० घनसेंटिमीटरचे इंजिन, सायकलीसारखे पायडल, आणि वजन इतके बेताचे की बंद पडली तर मनुष्याने ती लोटीत घरी आणावी. मास्तर, पोस्टमन, दूधवाले, भिक्षुकी करणारे गुरुजी अशा कितीएकांचा संसार तिच्यावर चालला. पेट्रोलवरील लूनेचे उत्पादन या शतकाच्या प्रारंभीच थांबले. २०२४ साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी निघाली आहे. एकूण, या गावास वाहनांचा नाद जुनाच. राज्य परिवहनाची पहिली मोटार १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे आणि नगर यांच्याच दरम्यान. लष्कराच्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र येथे आहे. १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालयही येथेच आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आमच्या जिभेस 'नगर' एवढेच सवयीचे आहे, आणि सुदैवाने नव्या नावातही ते आहेच.

आता प्रस्तुत प्रकरण सांगतो. पावसाळ्यात दोन महिने लूना ओसरीवर झाकून ठेवलेली होती. तेवढ्या अवधीत ओसरीवर पेट्रोलचा वास येऊ लागला. "अहो, देवघरापर्यंत वास येतो. निरांजन लावायची भीती वाटते," असे आमच्या घरातून दोनदा सांगणे झाले, तेव्हा आम्ही त्यावर एक उपाय केला. तो कोणता, हे पुढे येईल. कारण आम्ही स्वतःच तो विसरून गेलो होतो. पुढे पाऊस ओसरल्यावर गाडी काढली, तो ती मुळीच चालू होईना. सावेडीतच एका गल्लीत पंचविशीतला एक तरुण मेकॅनिक लहानसे गॅरेज चालवितो. त्याजकडे गाडी दिली. त्याने कार्बोरेटर सोडविला, साचलेला चिकटा धुतला, जेट फुंकून साफ केले, आणि गल्लीत एक फेरी मारून गाडी आमच्या स्वाधीन केली. मजुरी अडीचशे रुपये. ती दुसऱ्या दिवशी देण्याचे ठरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळीवाड्याकडे निघालो. दीड-दोन किलोमीटर गेलो नाही तोच गाडी गुरगुरली, धापा टाकू लागली, आणि बंद पडली. दहा-पंधरा मिनिटे उभे राहिलो, पुन्हा पायडल मारिले, चालू झाली. पुन्हा तेवढेच अंतर गेली आणि पुन्हा बंद. येणेप्रमाणे तीन मुक्काम करीत आम्ही घरी परतलो. मनात विचार आला तो एकच: या पोराकडे देण्यापूर्वी गाडी अशी कधी रस्त्यात थांबत नसे, त्याने हात लावला आणि हा रोग जडला, तेव्हा चांगला भाग काढून घेऊन त्याने जुना बसविला असला पाहिजे. आम्ही तडक त्याच्या दुकानी गेलो. तेथे दोन गिऱ्हाइके बसलेली होती. त्यांच्यासमक्ष आम्ही त्यास बोलू नये ते बोललो, मजुरी देणार नाही असे सांगितले, आणि वाटेत शेजारच्या दोन घरीही 'त्या दुकानी गाडी देऊ नका' असा सल्ला देऊन आलो. तो तरुण इतकेच म्हणाला, "सर, गाडी ठेवून जा, मी परत बघतो." आम्ही ठेविली नाही.

चोर ठरविला, शिक्षाही दिली. आता केवळ पुरावा गोळा करावयाचा राहिला होता. म्हणून आम्ही स्वतःच निदानास बसलो.

कोणतेही पेट्रोलचे इंजिन चालावयास तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी, आणि त्या मिश्रणास पुरेसा दाब. चौथी गोष्ट म्हणजे जळून गेलेल्या वायूस बाहेर पडण्यास मोकळी वाट. ज्यांस आयुर्वेदाची भाषा रुचते त्यांनी अन्न, अग्नी, बल आणि मलविसर्ग असे म्हणावे. इंजिन चालू होत नसेल किंवा चालता चालता बंद पडत असेल, तर दोष या चारांपैकी कशात तरी असावयाचाच. म्हणून पहिला नियम हा की, सोपे ते आधी पाहावे, अवघड ते मागाहून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर ती कशाने चालू झाली हे ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही.

परंतु आरंभी सावधगिरी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंतही पोचते. म्हणून हे काम अंगणात, उघड्यावर करावे. जवळ समई, उदबत्ती, शेगडी किंवा विडी असू नये. वाळूची बादली हाताशी असावी. आणि इंजिन थंड झाल्याखेरीज कशासही हात लावू नये. बंद खोलीत इंजिन तर कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि तो माणसास बेशुद्ध करून मारतो. मुलांस काम दाखवावे, परंतु पेट्रोलपासून दूर बसवून.

पहिली परीक्षा पेट्रोलची. टाकीत पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, 'रिझर्व्ह'वर करून पाहिला काय, हे प्रश्न बालिश वाटतात; परंतु निम्मी संकटे येथेच संपतात. नंतर कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून, कॉक उघडून, धार लहानशा धातूच्या भांड्यात पडते की नाही ते पाहावे. गाडी फार दिवस उभी असेल तर जुने पेट्रोल काढून टाकावे. ते हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते, तीच कार्बोरेटरचे बारीक छिद्र बुजविते. अलीकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलापासून निराळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. शिवाय जुन्या काळच्या रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात किंवा तडकतात. आमच्या जिल्ह्याने याविषयी तक्रार करणे शोभणार नाही. कारण १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले तेव्हापासून उसाच्या मळीवर आमचा जिल्हा पोसला आहे, आणि इथेनॉल हे त्या उसाचेच अपत्य. तथापि, जुनी गाडी असलेल्या गृहस्थाने नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून पाहाव्यात, आणि गाडी महिनाभर उभी राहावयाची असेल तर कॉक बंद ठेवून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेतो इंजिन अंगणात चालू द्यावे, हे बरे.

दुसरी परीक्षा ठिणगीची. पेट्रोलचा कॉक बंद करावा, सांडलेले पुसून टाकावे, वाफ उडून जावयास थोडा वेळ द्यावा. मग प्लगपान्याने प्लग काढून त्याचे मुख न्याहाळावे. हे इंजिनाचे जिव्हापरीक्षण होय. मुख फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. काळे, कोरडे व काजळीचे असेल तर पेट्रोल अधिक, हवा कमी. हवेची जाळी धुवावी. काळे व ओले, तेलकट असेल तर तेलाचे प्रमाण अधिक झाले आहे, किंवा ठिणगीच पडत नाही. पांढरे, भाजल्यासारखे असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. अशी गाडी दामटू नये. प्लग साफ करून, त्याच्या दोन टोकांतील अंतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, म्हणजे साधारणतः अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक ठेवून, तो त्याच्या टोपीत बसवावा. त्याचे धातूचे अंग इंजिनास टेकवावे, परंतु प्लगच्या रिकाम्या छिद्रापासून दूर. आणि पायडल फिरवून पाहावे. निळसर, टणक ठिणगी पडली तर उत्तम. पिवळी, रोडकी पडली किंवा मुळीच पडली नाही, तर आधी नवा प्लग लावून पाहावा, मग वायर, मग मॅग्नेटोतील पॉइंट. जुन्या लूनेत बॅटरीच्या आधाराने ठिणगी पडत नाही. चाकासारखा फिरणारा मॅग्नेटोच वीज उत्पन्न करितो. त्याचे पॉइंट काजळले तर बारीक काचकागदाने हलकेच पुसावेत.

तिसरी परीक्षा दाबाची. प्लगच्या छिद्रावर अंगठा घट्ट ठेवून दुसऱ्याकडून पायडल फिरवावे. अंगठा उसळून वर उडाला पाहिजे. नुसता वारा लागल्यासारखे वाटले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, किंवा पॅकिंग फाटले. हे काम मात्र घरचे नव्हे. चौथी परीक्षा धुराच्या वाटेची. लूनेचे इंजिन दोन ठोक्यांचे आहे. जर्मनीतील ओटो याचे चार ठोक्यांचे इंजिन १८७६ सालचे. त्यानंतर पंधराएक वर्षांनी इंग्लंडातील जोसेफ डे याने पिस्टनाखालच्या पोकळीतच मिश्रण ओढून घेणारे हे सुटसुटीत यंत्र सिद्ध केले. या जातीच्या इंजिनास वंगणाचे तेल निराळे नाही. ते पेट्रोलात मिसळूनच द्यावे लागते, आणि त्याची काजळी सायलेन्सरात बसते. न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे असे शिकवितात. दोन ठोक्यांच्या गाडीत धूर दाट दिसला की तेलाचे अनुमान करावे. सायलेन्सर तुंबला की गाडीचे बळ जाते, चढावर ती रडते. मात्र धुराच्या भीतीने तेल कमी करू नये. तेलावाचून पिस्टन जाम होतो, आणि मग खर्च अडीचशे रुपयांत भागत नाही.

या चारही परीक्षा आम्ही यथासांग केल्या. पेट्रोलची धार दहा-बारा सेकंद पाहिली, उत्तम. ठिणगी उत्तम. दाब बरा. सायलेन्सर मोकळा. आणि तरीही गाडी रस्त्यावर नेली की दोन किलोमीटरांत बंद! तेव्हा आमचा त्या तरुणावरील संशय अधिकच दृढ झाला. दोष सापडत नाही, त्याअर्थी तो त्याने कोठेतरी शिताफीने दडविला आहे, असा आमचा तर्क होता. वाचकांस हसू येईल. परंतु रागावलेला मनुष्य असाच तर्क करितो, आणि त्यास तो निर्दोष वाटतो.

चवथ्या दिवशी सायंकाळी पुन्हा गाडी घेऊन निघालो. बरोबर आमची नात तिच्या सायकलीवर होती. ती यंदा नववीत आहे. नेहमीच्याच कडुनिंबापाशी गाडी थांबली. प्लग काढून पाहिला तो कोरडा. म्हणजे ठिणगी पडत होती, परंतु पेट्रोल पोचत नव्हते. एवढ्यात नातीने, "आजोबा, पेट्रोल संपलं तर नाही ना?" असे म्हणून टाकीचे झाकण फिरविले. झाकण सैल होताच 'फुस्स' असा आवाज झाला; आणि नीट ऐकता तो वारा बाहेर पडल्याचा नव्हता, आत शिरल्याचा होता. झाकण लावून पायडल मारिले, तो गाडी तात्काळ चालू झाली. नेहमी जी दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागे, त्याऐवजी एका निमिषात!

आम्ही तेथेच झाकण उलटे करून पाहिले आणि आम्हांस घाम फुटला. टाकीच्या झाकणास एक सूक्ष्म छिद्र असते. आमच्या झाकणाच्या त्या छिद्रावर एम-सीलचा नेटका गोळा बसविलेला होता. तो बसविणारा मनुष्य आम्हीच! पावसाळ्यात वास येतो म्हणून केलेला तो उपाय हाच.

हे छिद्र कशासाठी, हे आमच्या भगिनीवर्गास सांगणे नलगे. तेलाच्या डब्यास एकच भोक पाडले तर तेल अडखळत, गचके देत पडते. समोरच्या कोपऱ्यास दुसरे भोक पाडले की धार अखंड लागते. कारण तेल बाहेर आले तर त्याची जागा घेण्यास हवा आत गेली पाहिजे. टाकीचेही तसेच. लूनेत पेट्रोल ढकलणारा पंप नाही; ते आपल्या वजनाने खाली येते. पातळी कार्बोरेटरच्या वर सुमारे १५ सेंटिमीटर धरली तर त्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास अवघा ११ ग्रॅम होतो. उलट वातावरणाचा दाब सुमारे १०३३ ग्रॅम. म्हणजे टाकीतील हवेचा दाब शेकडा एकाने कमी झाला तरी पेट्रोल जागच्या जागी अडते. टाकीत दोन लिटर पोकळी असेल तर केवळ २० मिलिलिटर पेट्रोल बाहेर पडले की तेवढी विरळता येऊ लागते. लिटरला साठ किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्यात सव्वा किलोमीटर जाईल. त्यात कार्बोरेटरच्या वाटीतील थोडा साठा मिळवा. पेट्रोलची वाफ व झाकणाच्या कडेने झिरपणारी हवा यांनी हे अंतर थोडे मागेपुढे होईल; परंतु आमचा कडुनिंब गणिताने जवळजवळ अचूक दाखविला होता. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी का चालू होई, याचेही उत्तर हेच: तेवढ्या वेळात कडेने हवा झिरपून आत जात असे.

मग घरच्या परीक्षेत हा दोष का सापडला नाही? कारण घरी प्रत्येक खेपेस आम्ही आधी झाकण उघडून पेट्रोल पाहत होतो, म्हणजे रोग आपल्याच हाताने घालवून मग रोग्यास तपासीत होतो! आणि धार पाहिली तीही दहा सेकंद. तापकऱ्याची नाडी ताप असताना पाहावी, हे ज्यास कळत नाही त्याने वैद्यकी करू नये. गाडी जेथे व जेव्हा बंद पडते, तेथे आणि तेव्हाच तिची परीक्षा करावी, हा यातील मुख्य धडा आहे. त्या तरुणाने गल्लीत एक फेरी मारली तेव्हा त्याला दोष न दिसणे साहजिकच होते. तो दोन किलोमीटर गेलाच नव्हता.

तथापि एका 'फुस्स'वर विसंबून पुन्हा घाईने निर्णय करावयाचा नाही, असे आम्ही ठरविले. दुसऱ्या दिवशी झाकण तसेच बुजलेले ठेवून, आरंभी एकदा उघडून, त्याच रस्त्याने तीन फेऱ्या केल्या. तिन्ही खेपेस गाडी कडुनिंबाच्या आसपास थांबली. मग झाकण काढून, गाडीपासून दूर नेऊन, दाभणाने एम-सील खरवडले, छिद्र मोकळे केले, आणि त्याच रस्त्याने पुन्हा तीन फेऱ्या केल्या. एकदाही थांबली नाही. कारण असता कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कार्यकारणभाव ठरतो. 'आधी त्याने हात लावला, मग गाडी बिघडली. म्हणून त्यानेच बिघडविली' यास आमच्या शास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडली. आम्ही हा न्याय पुष्कळ वर्षे मुलांस फळ्यावर लिहून शिकविला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा बिनदिक्कत कावळ्यास फाशी दिली.

उरला तो वास. तो मुळी झाकणातून येतच नव्हता. कॉकपाशी रबरी नळी तडकली होती आणि तेथून थेंब थेंब पाझरत होते. ज्या छिद्राची गरज होती ते आम्ही बुजविले, आणि जे बुजवावयाचे ते तसेच राहू दिले. नवी नळी थोडक्या पैशांत आली.

त्याच सायंकाळी आम्ही त्या दुकानी गेलो. गिऱ्हाइके नसतील अशी वेळ साधावी, असा मोह प्रथम झाला. परंतु अपमान जर चारचौघांत केला तर क्षमा एकांतात मागणे हा व्यवहार बरोबर नव्हे, असे वाटून मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो. झाकण दाखविले, घडले ते सांगितले, आणि हात जोडले. तो तरुण खजील होऊन म्हणाला, "असू द्या सर. झाकण मीच उघडून बघायला पाहिजे होतं." आम्ही पाचशे रुपये पुढे केले, त्याने अडीचशे ठेवून बाकी परत दिले. "जेवढं काम केलं तेवढंच," एवढेच त्याचे बोलणे. नंतर आम्ही शेजारच्या त्या दोन्ही घरी गेलो. एका घरच्यांनी हसून सोडून दिले. दुसऱ्या घरच्या गृहस्थांनी मात्र आमच्या सल्ल्यावरून आपली स्कूटर दुसरीकडे नेली होती, आणि आता तेथेच त्यांचे बस्तान बसले आहे. ते गिऱ्हाईक त्या पोराचे कायमचे गेले. टाकीचे छिद्र दाभणाने मोकळे झाले. हे मात्र आमच्या हातून मोकळे होण्यासारखे राहिले नाही.

पुण्यास असलेले आमचे चिरंजीव म्हणतात की, गाडी आता विकून टाकावी. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करवून पाच-पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते, प्रदूषणाचा दाखला निराळा. एवढी यातायात कशासाठी, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो अयोग्य नाही. परंतु नातीने आता प्लग काढून त्याचा रंग वाचावयास घेतला आहे, आणि पुढच्या रविवारी कार्बोरेटर उघडून दाखविण्याचे त्या तरुणाने तिजपाशी कबूल केले आहे. तोपर्यंत तरी गाडी घरी राहील.

शेवटी वाचकांस एवढेच सुचवितो की, घरची गाडी, पंप, शिवणयंत्र, काहीही बंद पडले तर गेल्या दोन महिन्यांत आपण स्वतः त्यास काय काय केले, याची आधी कागदावर यादी करावी. त्यानंतर दुसऱ्याने काय केले ते लिहावे. आमची यादी आम्ही प्रथमच केली असती तर पहिल्या ओळीत एम-सील आले असते, आणि दोन गिऱ्हाइकांसमोर एका कष्टाळू मुलाची मान खाली गेली नसती. असो.